रेडिओवर शास्त्रीय संगीताचा विषयबद्ध तास कसा बांधावा

शास्त्रीय संगीताचा तासाभराचा कार्यक्रम करायला मिळाला की बहुतेक नवे निवेदक आधी आवडत्या ध्वनिमुद्रिका गोळा करतात आणि मग त्यांना बांधणारा धागा शोधू लागतात. ‘भक्तिरंग’, ‘सुरांची पहाट’, ‘स्वरसंध्या’ अशी शीर्षके या उलट्या क्रमातूनच जन्माला येतात, आणि त्याखाली काय वाजवले तरी चालून जाते. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाचे बावन्न तास भरायचे असतील तर ही सोय फार दिवस पुरत नाही. पुढे जी पद्धत मांडली आहे ती सामुदायिक रेडिओ केंद्रावरील हिंदुस्थानी संगीताच्या साप्ताहिक कार्यक्रमासाठी आहे. आकाशवाणीवरील नैमित्तिक निवेदकालाही ती थोड्याफार फरकाने वापरता येईल.

पायरी पहिली: विषय कानाने तपासता आला पाहिजे

विषय निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: माझे बोलणे खरे आहे की नाही, हे श्रोत्याला पुढच्या पाच मिनिटांत केवळ ऐकून ठरवता येईल का? ‘संगीत आणि निसर्ग’ या विषयाला ही कसोटी लागत नाही, कारण त्यात काहीही बसते. ‘दरबारी कानड्याचा आंदोलित (झुलता) गंधार सारंगीवर कसा लागतो आणि पेटीवर कसा अडतो’ या विषयाला ती तत्काळ लागते. या विषयामागे इतिहासही आहे. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला स्टुडिओचे दार बंद केले, आणि पुढे कित्येक वर्षे रेडिओवरच्या गायनाला पेटीची साथ मिळत नव्हती. पण हा इतिहास सांगून तास भरत नाही. सारंगीच्या साथीचा एक तुकडा आणि पेटीच्या साथीचा एक तुकडा शेजारी शेजारी ठेवल्यावरच तो भरतो.

विषय आपल्या भागातून उचलता आला तर उत्तम, कारण श्रोता त्या गावाचे नाव ओळखतो. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्य होते आणि १९३७ साली त्यांचे दफनही तिथेच झाले. वाद्य घडवणारे गाव आणि त्या वाद्यावर बेतलेला गळा या दोन टोकांमध्ये एक तास सहज उभा राहतो, मात्र त्यात नुसता तंबोरा निदान दीड मिनिट वाजलाच पाहिजे. गोव्यातले केरी हे केसरबाई केरकरांचे गाव आणि कुर्डी हे मोगूबाई कुर्डीकरांचे. कुर्डी आता साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. दोघीही अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. एका गुरूची तालीम दोन गळ्यांत कशी वेगळी उतरली, हा प्रश्न श्रोता स्वतःच्या कानाने सोडवू शकतो. गावे हरवली, आवाज राहिले, असा भावुक सूर मात्र लावू नये, तो मोह फार होतो.

ऋतू हा सर्वांत वापरून गुळगुळीत झालेला विषय आहे. तरी कुमार गंधर्वांनी ‘गीतवर्षा’सारख्या कार्यक्रमांतून दाखवून दिले की ऋतूसुद्धा नेमका बांधता येतो: मल्हाराचे प्रकार, लोकगीतांच्या धुना आणि स्वतःच्या बंदिशी एका योजनेत गुंफून. आपल्याला तेवढे जमणार नाही. पण ‘मल्हारसंध्या’ऐवजी ‘मियाँ मल्हारातले दोन निषाद’ (कोमल आणि शुद्ध ‘नी’) इतका तरी विषय अरुंद करावा. जयंती आणि पुण्यतिथी यांना मी विषय मानत नाही. ती तारीख असते, आणि त्या तारखेला त्या कलाकाराविषयी कानाला सांगण्यासारखे काय आहे हे वेगळे शोधावे लागते.

पायरी दुसरी: मिनिटांचा हिशेब

आता एक विषय शेवटपर्यंत नेऊन पाहू. विषय आहे ‘मैफल संपते तिथून’, म्हणजे केवळ भैरवीचा एक तास. भैरवी हा सकाळचा राग, पण मैफलीची सांगता कोणत्याही वेळी याच रागाने होत असल्याने रात्री नऊच्या कार्यक्रमातही तो खटकत नाही. सकाळचे इतर राग रात्री लावायचे झाले तर मात्र नेहमीचा श्रोता हटकतोच. अशा वेळी ‘हा तोडी आपण अवेळी ऐकतो आहोत’ एवढे एक वाक्य प्रामाणिकपणे म्हणावे आणि पुढे जावे.

तास म्हणजे साठ मिनिटे नव्हेत. केंद्राची ओळखधून, सूचना आणि प्रायोजकाचा मजकूर यांत चार मिनिटे जातात, आणि आपल्या कार्यक्रमाची शीर्षकधून सुरुवातीला व शेवटी मिळून एक मिनिट घेते. उरली पंचावन्न. त्यांपैकी बोलण्याला बारा मिनिटांपेक्षा जास्त देऊ नये आणि अकरांत भागत असेल तर अधिक बरे. म्हणजे संगीताला त्रेचाळीस ते चव्वेचाळीस मिनिटे मिळतात.

भैरवीच्या तासात सुरुवातीला तीन जुन्या तबकड्या ठेवाव्यात: केसरबाईंची ‘जात कहाँ हो’, अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘जमुना के तीर’ आणि फैयाझ खाँसाहेबांची ‘बाजूबंद खुल खुल जाय’. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत, त्यामुळे तिन्ही मिळून दहा-साडेदहा मिनिटांत एकच राग तीन घराण्यांच्या गळ्यांतून ऐकून होतो. रेडिओसाठी याहून सोयीचे दुसरे काही नाही. त्यानंतर लाँग प्ले तबकडीची एक बाजू, म्हणजे सुमारे बावीस मिनिटे, बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या शहनाईवरची भैरवी. मग बालगंधर्वांचे ‘अगा वैकुंठीच्या राया’, साडेतीन मिनिटे धरू. अखेरीस भीमसेनजींचे ‘जो भजे हरि को सदा’, त्याची सात-साडेसात मिनिटांची आवृत्ती निवडावी. बेरीज साडेत्रेचाळीसच्या आसपास येते.

हा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. दीर्घ रचना प्रथम लावली तर श्रोत्याला तिच्यात काय ऐकायचे ते कळण्याआधीच ती संपते. तीन छोट्या तबकड्यांनी त्याचा कान तयार झाला, की मग शब्दांवाचूनची बावीस मिनिटे तो धरून राहतो. आणि शहनाईनंतर लगेच दुसरे वाद्य ठेवू नये, मानवी आवाज आणावा.

पायरी तिसरी: ध्वनिमुद्रिका पडताळणे

महाजालावर सापडणाऱ्या फायलींवरचे मथळे विश्वासार्ह नसतात. राग चुकीचा, कलाकार चुकीचा, आणि ‘बाजूबंद’सारखी अनेकांनी गायलेली ठुमरी असेल तर भलत्याच गायकाच्या नावावर, असे सर्व प्रकार आढळतात. त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. शक्य असेल तर मूळ तबकडीच्या लेबलाचे छायाचित्र पाहावे, त्याच कलाकाराची दुसरी खात्रीची मुद्रिका शेजारी लावून आवाज जुळवावा, आणि रागाविषयी थोडीही शंका असल्यास गावातल्या संगीतशिक्षकाला फोनवर ऐकवावे. दोन मिनिटांचे काम असते. ते टाळल्यामुळे हवेत चुकीचा राग जाहीर झाला, की पुढच्या आठवड्यात सात जण तो दुरुस्त करायला फोन करतात.

दुसरा दोष वेगाचा. जुन्या तबकड्या सगळ्याच नेमक्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नाहीत, आणि अंकीय रूपांतर करणाऱ्याने यंत्र तपासले नसेल तर लय आणि पट्टी दोन्ही चढतात किंवा उतरतात. पेटी घेऊन गायकाचा षड्ज, म्हणजे मूळ ‘सा’, शोधावा, त्याच गायकाच्या इतर मुद्रिकांशी ताडून पाहावा, आणि फरक अर्ध्या-एक स्वराचा असेल तरच वेग दुरुस्त करण्याचा विचार करावा. अब्दुल करीम खाँसाहेब मुळातच उंच पट्टीत गात. ‘पुरुषाचा आवाज इतका उंच कसा’ म्हणून एखाद्या उत्साही तंत्रज्ञाने तो खाली ओढला, तर त्यांच्या गाण्याचा जीवच निघून जाईल. तबकडीची खरखरही पूर्ण पुसू नये. सफाईच्या सॉफ्टवेअरला तंबोऱ्याच्या जवारीतला झंकार आणि खरखर यांतला फरक कळत नाही, आणि ते दोन्ही सारख्याच निष्ठेने खरडून काढते.

पायरी चौथी: हक्क आणि श्रेयनामे

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. १९६० साली प्रकाशित झालेल्या तबकडीचा अवधी २०२० च्या अखेरीस संपला. आपल्या भैरवीच्या तासातल्या पहिल्या तीन तबकड्या त्याहून पुष्कळ जुन्या आहेत. अलीकडच्या ध्वनिमुद्रिका लावण्यासाठी केंद्राचा कोणत्या संस्थेशी कोणता करार आहे, हे कार्यक्रम प्रमुखांकडून लेखी समजून घ्यावे. ‘सगळे लावतात’ हा करार नव्हे. २०१२ च्या दुरुस्तीने प्रसारकांसाठी जो वैधानिक परवाना आला त्यात एक अट अशी आहे की रचनेच्या कर्त्यांची आणि प्रमुख कलाकारांची नावे प्रसारणासोबत जाहीर केली पाहिजेत. शास्त्रीय संगीताच्या निवेदकाला तर हे कायद्याने सांगावे लागू नये. साथीदारांची नावे लेबलावर असतील तर तीही घ्यावीत, तबलजीला ‘साथ संगत’ म्हणून मोकळे होऊ नये.

खासगी संग्राहकाकडून तबकडीची प्रत घेतली असेल तर त्याची परवानगी मागावी आणि त्याची इच्छा असल्यास ऋणनिर्देश करावा. ही मंडळी आपला खजिना एकदा बंद करून बसली की पुन्हा उघडत नाहीत.

पायरी पाचवी: संहिता

अकरा मिनिटांचे बोलणे म्हणजे किती शब्द? सावकाश, स्पष्ट वाचनाचा वेग मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द धरला तर अकराशे ते पावणेचौदाशे. ते सहा-सात तुकड्यांत वाटायचे, आणि एकही तुकडा दोन मिनिटांपलीकडे जाऊ द्यायचा नाही. संहिता पूर्ण लिहून काढावी, घड्याळ लावून मोठ्याने वाचावी, आणि जिथे श्वास अडखळतो तिथे वाक्य तोडावे.

काय बोलावे याविषयी माझा एक नियम आहे. ऐकायला उपयोगी पडेल ते रचनेच्या आधी, बाकीची माहिती रचनेनंतर. केसरबाईंची ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबतच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अंतराळात गेली, ही गोष्ट सांगायचा मोह कोणत्याच निवेदकाला आवरत नाही. सांगावी, पण मुद्रिका संपल्यावर आणि एका वाक्यात. आधी सांगितली तर श्रोता तीन मिनिटे यानाचा विचार करत राहतो आणि त्याचा कान रिकामाच जातो.

त्याऐवजी आधी काय म्हणावे, याचा एक नमुना पाहा. नेहमीचे निवेदन असे असते: ‘भैरवी हा अत्यंत मधुर, करुण आणि भक्तिरसाने ओथंबलेला राग असून रसिकांच्या हृदयात त्याचे अढळ स्थान आहे.’ यातला एकही शब्द ऐकून तपासता येत नाही. त्याच जागी असे लिहिता येईल: ‘भैरवीत ऋषभ, गंधार, धैवत आणि निषाद हे चारही स्वर कोमल. मध्यम शुद्ध. पण ठुमरीत रंगलेला गायक बारांपैकी कोणताही स्वर हळूच घेऊन परत घरी येतो. पुढच्या तीन तबकड्यांत आधी फक्त षड्ज ऐका: अब्दुल करीम खाँसाहेबांचा उंच आणि बारीक, फैयाझ खाँसाहेबांचा खालचा आणि रुंद, आणि केसरबाईंचा मोकळ्या आकारातला, भरलेला. मग त्या चार कोमल स्वरांपैकी एखादा शुद्ध होऊन कुठे डोकावतो का, ते पाहा.’ हे म्हणण्यापूर्वी निवेदकाने तिन्ही तबकड्या घड्याळ हातात घेऊन ऐकलेल्या असाव्यात आणि तो स्वर कोणत्या सेकंदाला लागतो हे संहितेच्या समासात नोंदवलेले असावे. तसा स्वर सापडला नाही, तर ते वाक्य काढून टाकावे. आपण दाखवलेली जागा तिथे नसली, की श्रोत्याचा विश्वास कायमचा जातो.

एका कार्यक्रमात एकच पारिभाषिक शब्द समजावून सांगावा. आज ‘मींड’, पुढच्या वेळी ‘सम’. नावांचे उच्चार आधी पक्के करावेत आणि आदरार्थी क्रियापद सुटू देऊ नये. कलावंतांना बुवा, बाई, खाँसाहेब या ज्या रूपांनी मराठी रसिक ओळखतात तीच रूपे वापरावीत, प्रत्येकाला सरसकट ‘पंडितजी’ करू नये. कार्यक्रम मराठीत असेल तर ठुमरीच्या व्रजभाषेतल्या मुखड्याचा अर्थ एका ओळीत द्यावा, कारण ‘बाजूबंद’ म्हणजे दंडावरचा दागिना हे नव्या पिढीतल्या पुष्कळांना माहीत नसते.

पायरी सहावी: छाटणी

भैरवीच्या तासात छाटण्याजोगे फारसे नाही, पण पुढच्या आठवड्यात पन्नास मिनिटांचा ख्याल वीस मिनिटांत बसवायची वेळ येणारच. तेव्हा काही पथ्ये पाळावीत. तालाच्या आवर्तनाच्या मध्ये कधीही कापू नये, समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, कापावे. विलंबिताचा (संथ लयीतला) पहिला भाग आणि द्रुताचा (जलद लयीतला) शेवट चोरून जोडू नये. एक तर विलंबिताची बढत सलग वीस मिनिटे ऐकवून समेवर थांबावे, नाही तर केवळ द्रुत बंदिश पूर्ण लावावी, आणि दोन्ही बाबतींत ‘आपण याचा अमुक भाग ऐकला’ हे सांगावे. आवाज उतरवत न्यायचा असेल तर तो आठ-दहा सेकंदांत, समेनंतर, तंबोऱ्यावर उतरवावा. तान चालू असताना आवाज खाली ओढणे म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडासमोर दार लावण्यासारखे आहे. मैफलीच्या मुद्रणातल्या टाळ्या दोन-तीन सेकंद राहू द्याव्यात.

पायरी सातवी: स्टुडिओत

प्रत्येक रचनेचा क्रमांक, पहिले शब्द, शेवटचे शब्द किंवा शेवटची खूण, आणि कालावधी असा एक पानाचा क्यू शीट तयार करून त्याची एक प्रत तंत्रज्ञाला द्यावी. ‘शेवटची खूण’ हा रकाना रिकामा सोडू नये. तिहाईनंतर, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर आल्यानंतर, ठुमरी संपली असे समजून कुणी फेडर खाली केला आणि गायकाने मुखडा पुन्हा उचलला, असे हमखास घडते.

ध्वनिपातळी हाताने सांभाळावी. एफएम प्रक्षेपणाच्या साखळीतला प्रोसेसर हलका आवाज आपोआप वर ओढतो, त्यामुळे आलापातल्या विरामात तबकडीची खरखर फुगते आणि वादनातला ‘झाला’ (शेवटचा जलद, जोरकस भाग) सुरू होताच तो दाबला जातो. फाइल भरतानाच हलक्या जागा थोड्या वर घेऊन ठेवल्या तर प्रोसेसरला हस्तक्षेपाची संधी कमी मिळते.

आणि शांततेचा पहारेकरी, म्हणजे शांतता हेरणारा डिटेक्टर, विसरू नये. अनेक केंद्रांच्या स्वयंचलित प्रणालीत ठरावीक सेकंद आवाज अमुक पातळीखाली गेला की यंत्रणा बिघाड समजून राखीव फाइल सुरू करते. माझ्या पहिल्याच वर्षी एका केंद्रावर रुद्रवीणेचा आलाप लावला होता. खर्जातला स्वर विरत विरत गेला, वादकाने विराम घेतला, आणि त्या विरामात हवेवर अचानक खतांची जाहिरात खणखणली. चूक यंत्राची नव्हती, मी तंत्रज्ञाला आधी सांगितलेच नव्हते. तेव्हापासून प्रत्येक क्यू शीटच्या माथ्यावर मी ‘दीर्घ विराम आहेत, डिटेक्टरची मर्यादा वाढवावी’ असे लाल शाईने लिहितो.

पाहुणे कलाकार बोलावले असतील तर त्यांना मुद्रणाच्या पाऊण तास आधीची वेळ द्यावी. पावसाळ्यात बाहेरून आलेला तंबोरा वातानुकूलित खोलीत उतरतो किंवा चढतो, तो खोलीच्या हवेला सरावेपर्यंत लावण्यात अर्थ नसतो. मुद्रणाच्या वेळी वातानुकूलन बंद करायचे असेल तर ते जुळवणीच्या आधीच बंद करावे. तंबोऱ्याला शक्यतो स्वतंत्र मायक्रोफोन द्यावा. पाहुण्यांना ‘तुमचा सांगीतिक प्रवास सांगा’ असे विचारू नये. ‘भैरवीत शुद्ध ऋषभ कसा घेतात ते गाऊन दाखवाल का?’ असे विचारावे. विविध भारतीच्या ‘संगीत सरिता’ने केवळ पंधरा मिनिटांत रागाची ओळख करून देण्याची जी रीत रुजवली, तिच्यातही कलाकाराने गाऊन-वाजवून दाखवण्यालाच महत्त्व होते. मुद्रण पुनःप्रसारित करण्याची आणि केंद्राच्या संग्रहात ठेवण्याची संमती त्याच दिवशी, मानधनाच्या पावतीसोबत, सहीनिशी घ्यावी.

पायरी आठवी: प्रसारणानंतर

कार्यक्रम संपला की लॉगबुकात प्रत्येक मुद्रिकेचे नाव, कलाकार, कंपनी, तबकडीचा किंवा फाइलीचा क्रमांक आणि प्रत्यक्ष वाजलेला कालावधी त्याच रात्री नोंदवावा. स्वामित्वधनाचा हिशेब यावरून होतो, आणि दुसऱ्या दिवशी सेकंद आठवत नाहीत. श्रोत्यांचे फोन आणि संदेश वेगळ्या वहीत उतरवावेत, पण ‘छान झाला’ हे शेरे लिहून पाने भरू नयेत. ‘बालगंधर्वांच्या गाण्यात मला पण एक शुद्ध स्वर सापडला’ असे कुणी कळवले तर ती नोंद ठेवावी, त्या श्रोत्याने सांगितलेली जागा मुद्रिका लावून पाहावी, आणि तो बरोबर असेल तर पुढच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला ते अर्धे मिनिट पुन्हा ऐकवून त्याचे म्हणणे जाहीर करावे. चूक आपली निघाली तर तीही याच जागी, मुद्रिकेसह दुरुस्त करावी. संहिता, क्यू शीट आणि अंतिम ध्वनिफाइल यांना एकच नाव द्यावे: तारीख, विषय, भाग क्रमांक. नुसते ‘भैरवी अंतिम नवी दोन’ असे नाव दिलेली फाइल सहा महिन्यांनी कुणालाच सापडत नाही.